अकरा वर्षं उभी राहिलेली मेटाडोर

आमच्या मामूंची मेटाडोर अकरा वर्षांनी सुरू झाली, हे मी मागे या पानावर ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतक्या घरांतून विचारणा झाली की मला नवल वाटलं. कुणाच्या अंगणात मरहूम अब्बांची जीप उभी आहे, कुणाच्या वाड्यात ट्रॅक्टर, कुणाकडे ताडपत्रीखाली ॲम्बेसेडर. सगळ्यांचा प्रश्न एकच: दुरुस्त करावी की भंगारात द्यावी? म्हणून यावेळी शाळा आणि परीक्षा बाजूला ठेवून गाडीबद्दलच लिहिते. पाना-पक्कड हा काही माझा विषय नाही. पण मे महिन्याच्या सुट्टीत मी त्या गाडीशेजारी खुर्ची टाकून बसत होते, आणि प्रश्न विचारायची सवय शिक्षिकेला असतेच.

आमच्या जुन्या शहरात कोणत्याही मोठ्या व्हॅनला मेटाडोर म्हणतात, जसं कोणत्याही छोट्या मालगाडीला टेम्पो. दोन्ही नावं एकाच घरची आहेत. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ विडाल नावाच्या कुटुंबाची कंपनी ‘टेम्पो’ या नावाने तीनचाकी गाड्या बनवत असे. त्यांनी 1949 साली जी चारचाकी काढली तिचं नाव मेटाडोर. आपल्याकडे नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने 1958 मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली. आधी तीनचाकी टेम्पो आला आणि 1969 पासून मेटाडोर. पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांनी पुढची तीस वर्षं महाराष्ट्रात शाळेची मुलं, वऱ्हाडी, भाजीपाला, रुग्ण आणि मय्यत सगळं वाहिलं. त्या कंपनीचं नाव 2005 पासून फोर्स मोटर्स आहे.

तिकडे जर्मनीत विडाल यांची कंपनी हानोमागकडे आणि नंतर मर्सिडीजकडे गेली. सत्तरच्या दशकात त्याच घराण्याच्या व्हॅनवर मर्सिडीजचं चिन्ह लागलेलं होतं. तिथल्या लोकांनी त्या व्हॅनमध्ये पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून फिरती घरं केली, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन त्या आजही जपतात. माझा भाचा मामूंच्या गाडीला ‘व्हिंटेज कॅम्पर व्हॅन’ म्हणायला लागला तेव्हा घरात सगळे हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण मामूंनी तेच केलं होतं. त्यांना फक्त हा इंग्रजी शब्द माहीत नव्हता.

मामू सुतार होते. 1991 ची ही गाडी त्यांनी 1996 साली एका तेलगिरणीच्या मालकाकडून चार हप्त्यांत, बिनव्याजी घेतली. आठवडाभर ती फर्निचर वाही आणि शुक्रवारनंतर घरची होई. मागच्या भागात त्यांनी सागवानी फळ्या अशा बसवल्या की दिवसा दोन लांब बाक आणि रात्री एक सलग बिछाना. बाकांखाली पेट्या. मागच्या दाराशी चाळीस लिटरचा ड्रम, त्याला तोटी. वुजूला आणि भांडी धुवायला तेच पाणी. खिडक्यांना मुमानींनी शिवलेले हिरवे पडदे. स्टोव्ह मात्र आत कधी पेटवू दिला नाही. मागचं दार उघडून बाहेर, वारा बघून, तिथेच खिचडी. हे मी मुद्दाम लिहिते, कारण हल्ली व्हिडिओ पाहून लोक बंद गाडीत गॅस ठेवतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो. झोपलेल्या माणसाला वासही येत नाही.

त्या गाडीने आमच्या घरातल्या बायकांना काय दिलं, ते पुरुषांना कदाचित सांगता येणार नाही. खुलदाबाद, अजिंठा, चिखलदरा, एकदा थेट हैदराबाद. एसटीत तान्ह्या मुलाला पाजायचं कुठे, नमाज कुठे अदा करायची, म्हाताऱ्या नानींना लघवीला कुठे न्यायचं, असे प्रश्न पडून कितीजणी घरीच राहायच्या! गाडी आपली असली की पडदा ओढला, प्रश्न सुटला. माझ्या बीएडच्या परीक्षेच्या वेळी मोठी मुलगी सहा महिन्यांची होती. अमरावतीत केंद्राच्या बाहेर लिंबाखाली मामू गाडी लावायचे, आत अम्मी मुलीला झोळीत घालून बसायची. मी तीन तासांचा पेपर देऊन येई, मुलीला दूध पाजून पुन्हा अभ्यासाला बसे. ती गाडी नसती तर ती परीक्षा त्या वर्षी झाली नसती, पुढच्या वर्षीही झाली असती की नाही कोण जाणे.

मामूंचा इंतकाल 2014 साली झाला. गाडी वाड्याच्या मागच्या पत्र्याखाली लागली ती तिथेच राहिली.

का राहिली, याचं कारण इंजिनात नव्हतं. मामूंच्या मागे मुमानी, दोन मुलगे, दोन मुली. घर आणि दुकान यांची वाटणी शरीअतप्रमाणे झाली, कागदही झाले. गाडीचं नाव कुणी काढलं नाही. थोरला पिंपरीला कारखान्यात; त्याला वाटे धाकटा वापरेल. धाकट्याला वाटे भाऊ काय म्हणेल. बहिणींना कुणी विचारलंच नाही, आणि त्या आपण होऊन बोलल्या नाहीत. घरात मौल्यवान वस्तूंची वाटणी होते. गाडी, शिलाई मशीन, सुताराची हत्यारं अशा वस्तू मात्र ‘असू दे’ म्हणून राहतात आणि गंजतात. हत्यारं कुठे गेली ते आज कुणालाच माहीत नाही.

गेल्या रमजान ईदनंतर एक भंगारवाला आला, म्हणाला छत्तीस हजार देतो. थोरल्याने फोनवरूनच होकार दिला. तेव्हा मुमानी म्हणाल्या, आधी हिशेब मांडा. मी पाटी-पेन्सिलवाली, म्हणून मलाच बसवलं. विधवेचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन, मुलीला एक. म्हणजे एकूण 48 भागांत मुमानींचे 6, प्रत्येक मुलाचे 14, प्रत्येक मुलीचे 7. रुपयांत मुमानींचे 4,500, मुलांचे 10,500, मुलींचे 5,250. आकडे कागदावर आले आणि सगळे गप्प झाले. अकरा वर्षं ज्यावर कुणी तोंड उघडलं नव्हतं, तो मामला प्रत्येकाच्या एका महिन्याच्या किराणापेक्षा फार मोठा नव्हता. अचलपूरला दिलेली धाकटी बहीण फोनवर म्हणाली, “मला माझे सात हिस्से पैशात नकोत. गाडी चालू करा, आणि वर्षातून एकदा मला माहेरी न्यायला त्याच गाडीने या.” थोरली म्हणाली, तिचंही तेच. मग भावांनाही विकणं अवघड झालं.

आता उस्तादांकडे येते. मोर्णेच्या पुलापलीकडे त्यांचं छोटं गॅरेज आहे. वय सत्तरीला टेकलेलं, उमेदीची वर्षं डिझेल पंपाच्या कामात गेलेली. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली शिरले. दारांच्या पायऱ्या, चाकांवरचा पत्रा, खालचे मुख्य लोखंडी तुळे, जिथे जिथे पाणी साचतं तिथे तिथे टोचून पाहिलं. पायऱ्यांतून स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. तुळे कडक निघाले. “पायरी वेल्डिंगने होईल. तुळा सडला असता तर मी चहा पिऊन निघून गेलो असतो,” म्हणाले. ज्यांनी मला विचारलं त्या सगळ्यांनी आधी एवढं करून पाहावं. इंजिन नंतर.

भाच्याने तोपर्यंत नवी बॅटरी आणून ठेवली होती. किल्ली फिरवून बघायची त्याला फार घाई. उस्तादांनी बॅटरी उचलून ओट्यावर ठेवायला लावली. “पहले हाथ से घुमाओ, बाद में सेल्फ.” कारण सांगितलं ते मला पटलं. उभ्या इंजिनात तेल खाली उतरतं, सिलेंडरच्या भिंती कोरड्या पडतात, रिंगा गंजाने चिकटतात. अशा वेळी सेल्फ मारला तर त्याची ताकद रिंगा मोडायला पुरेशी असते. त्यांनी चारही हीटर प्लग काढले. थंडीत डिझेल पेटावं म्हणून जे तापतात, ते. त्या भोकांतून इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून थोडं थोडं आत सोडलं आणि निघून गेले. तीन दिवस आलेच नाहीत! चौथ्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावून हलकेच जोर दिला. पाव फेरी, मागे; अर्धी फेरी, मागे; मग पूर्ण. मुमानी खिडकीतून बघत होत्या, त्यांनी मोठ्याने अल्हम्दुलिल्लाह म्हटलं.

हे इंजिन मर्सिडीजच्या परवान्याने बनलेलं, चार सिलेंडरचं, सुमारे 2.4 लिटरचं, जाणते त्याला ओएम 616 म्हणतात. आमचं नशीब असं की हेच इंजिन ट्रॅक्स गाड्यांमध्येही लागत होतं, आणि ट्रॅक्स विदर्भात गावोगाव धावल्या. त्यामुळे गॅसकेट, फिल्टर, नोझल, पाण्याचा पंप हे सामान मिळतं. न मिळणारं सामान वेगळंच असतं: समोरच्या काचेचं रबर, दाराची कडी, मागच्या दिव्याचं भिंग. काचेचं रबर शेवटी एका मोडीत निघालेल्या गाडीवरून आणलं. जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिनापेक्षा काच आणि रबर आधी तपासावं, असं माझं मत झालं आहे.

डिझेलची टाकी उतरवली तेव्हा गल्लीभर वास सुटला. तळाशी पाणी आणि त्यावर काळपट शेवाळासारखा थर. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी लावली की आतल्या हवेतली वाफ दर हिवाळ्यात टाकीच्या भिंतीवर पाणी होऊन उतरते, पाणी जड म्हणून तळाशी बसतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात. टाकी आतून साफ केली, रबरी पाइप सगळे बदलले. अकोल्याच्या उन्हाने ते बिस्किटासारखे मोडत होते. एअर क्लिनर उघडला तर उंदरांचं घर. त्यांनी हिरव्या पडद्याचाच एक तुकडा आत नेला होता.

पंप हे खरं दुखणं होतं. डिझेल गाडीत ठिणगी नसते. हवा एवढी दाबली जाते की ती तापते, आणि नेमक्या क्षणी नेमकं थेंबभर डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. तो क्षण आणि ते माप पंप ठरवतो. त्यातले दांडे आपल्या घरात इतके चपखल बसलेले असतात की मधल्या फटीतून केसही जाणार नाही, आणि जुनं डिझेल तिथे सुकून गोंद होतं. उस्तादांनी पंप सोडवला, ओळखीच्या पंपरूममध्ये स्वतः बसून उघडला. दोन दांडे चिकटले होते. एक बदलावा लागला. पंपरूममध्ये शिकायला आता पोरं येत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर आला, या पंपाचं काम आटलं, हे खरं. पण आमच्या दहावीच्या वर्गात ज्या मुलांची बोटं वहीपेक्षा घड्याळाच्या पट्ट्यात जास्त रमतात, त्यांच्यापैकी दोघांना मी या सुट्टीत उस्तादांकडे नेऊन बसवलं. एक टिकला आहे. दुसरा मोबाइल दुरुस्तीकडे गेला, तेही ठीकच.

मी गृहीत धरलं होतं की पंप आला म्हणजे गाडी सुरू करायची. उस्ताद म्हणाले, आधी ब्रेक. “सुरू झाली आणि थांबली नाही तर?” चारही चाकांतले सिलेंडर गंजून बसले होते. ब्रेक ऑइल हवेतून पाणी ओढतं आणि तेच पाणी आतून लोखंड खातं, म्हणून उभ्या गाडीचे ब्रेक चालत्या गाडीपेक्षा जास्त बिघडतात. सगळे रबर कप, पाइप, मास्टर सिलेंडर नवे. टायर वरून छान दिसत होते, नक्षी शाबूत. पण बाजूला बारीक भेगा. रबराला वयच मारतं, मग गाडी चालो न चालो. पाचही टायर टाकून दिले.

24 मे, शनिवार. उस्तादांनी हातपंपाने डिझेल वर आणलं, नोझलचे नट ढिले करून एअर काढली. एका पोराच्या हातात लाकडी फळी देऊन त्याला हवा आत जाते त्या तोंडाशी उभं केलं. पंप अडकला आणि इंजिन सुसाट सुटलं तर किल्ली बंद करून ते थांबत नाही, हवा तोडावी लागते. फळीची गरज पडली नाही. तिसऱ्या सेल्फला एक सिलेंडर पेटला, मग दुसरा, वाडा पांढऱ्या धुराने भरला, शेजारच्या भाभी वाळत घातलेले कपडे गोळा करायला धावल्या, आणि मग चारही पेटले. तो खडखडाट मी वीस वर्षांपूर्वी परीक्षेच्या हॉलमध्ये बसून ओळखत असे.

इथे बहुतेक लोक थांबतात. इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी झाली असं समजतात. आमची खरी अडचण इथून पुढे होती.

गाडी अजून मामूंच्या नावावर. मालकाचा इंतकाल झाला तर वारसाने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून नाव बदलून घ्यायचं, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे. आम्ही अकरा वर्षं उशिरा. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी. मामूंनी 2006 आणि 2011 मध्ये ती वेळेवर करून घेतली होती; 2016 मध्ये मुदत संपली आणि कुणाला पत्ताच नव्हता. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची प्रतिज्ञापत्रं, मूळ नोंदणी पुस्तक हे सगळं जमवायला लागलं. पुस्तक मुमानींच्या पेटीत, मामूंच्या टोपीखाली नीट गुंडाळून ठेवलेलं सापडलं. ते हरवलं असतं तर आणखी तीन चकरा.

सह्यांना वेळ लागला. थोरल्याला रजा मिळेना, थोरल्या बहिणीच्या घरी लग्न. तेवढ्यात ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने वीस वर्षांवरच्या हलक्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी 5,000 वरून 10,000 रुपये केली. उशिराचा दंड वेगळा, पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्या धूर करतात, रस्त्यावरून कमी व्हाव्यात, हा सरकारचा हेतू मला मान्य आहे. दम्याची मुलं माझ्या वर्गात आहेत. पण वर्षाला दोन हजार किलोमीटर जाणारी गाडी आणि रोज दोनशे जाणारी गाडी यांना एकच माप लावलं जातं, हे खटकतं. धुराची चाचणी कडक करा, आमची हरकत नाही. आमची मेटाडोर त्या चाचणीत पास झाली, नव्या नोझलमुळे.

नाव कुणाचं लावायचं? मी सुचवलं मुमानींचं, आणि भावांनी मानलं. बाकी चौघांनी आपला हिस्सा आईला हिबा केला, तसा कागद करून. पंच्याहत्तराव्या वर्षी मुमानी गाडीच्या मालकीण झाल्या. गाडी चालवायला त्यांना येत नाही, पण कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे आता त्या ठरवतात, आणि बरंच ठरवतात.

भाच्याला छत उंच करून आत न्हाणीघर आणि वर सोलर पट्टी हवी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मंजुरीशिवाय बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. विमा कंपनीही अपघातानंतर तेच बोट दाखवते. म्हणून छत आहे तसंच राहिलं. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ज्यांना फिरतं घर भाड्याने द्यायचा धंदा करायचा आहे त्यांनी ते जरूर पाहावं. आम्हाला धंदा करायचा नाही.

एकूण खर्च एक लाख बावीस हजारांच्या आसपास गेला, त्यात टायर आणि पंप मिळून जवळजवळ निम्मा. पैशाच्या हिशेबाने हा सौदा तोट्याचा आहे, हे साफ सांगते. ज्यांना रोजची गाडी हवी त्यांनी असलं काही करू नये. तुळे सडले असतील, मूळ कागद नसतील किंवा वारसांत एकजण जरी नाराज असेल, तर भंगाराचे पैसे घ्या आणि ते नीट वाटा. सातवा भाग असो की अठ्ठेचाळिसावा, बहिणीच्या हातात ठेवा.

नोंदणीचं काम नोव्हेंबरमध्ये झालं. तोवर गाडी वाड्याबाहेर स्वतःच्या चाकांवर गेली नव्हती. तपासणीलाही विमा काढून, टोचन करून नेली. पहिली सफर अचलपूरची, धाकटीला आणायला. ताशी पन्नासच्या वर उस्तादांनी जाऊ दिलं नाही, ते स्वतः पुढे बसले होते. परतवाड्याच्या अलीकडे पाणी तापलं, थर्मोस्टॅट निघाला खराब. तासभर लिंबाखाली थांबलो आणि तिथेच जोहर अदा करून मुमानींनी स्टोव्ह मांडला. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात टाकताना अजून खर्र होतं, ते काम बाकी आहे. पडदे नवे शिवलेत, या वेळी निळे. मुमानींना रंग पसंत नाही.